साहित्य : घरात असेल ते

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी करायचे बिनखर्चाचे खेळ सांगणारा कुठलाही मजकूर उघडा, पहिली ओळ ठरलेली : 'साहित्य : घरात असेल ते.' आईबापांना हायसं वाटतं. मग यादी सुरू होते. अंड्यांचे रिकामे कागदी ट्रे दोन, सात रंगांची लोकर, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या पन्नास, टिश्यूपेपरच्या रिकाम्या नळ्या, पोटात गेले तरी चालतील असे रंग, आणि गरम डिंकाची बंदूक. हे सगळं ज्याच्या घरात आधीपासून पडलेलं असेल त्याचं स्टेशनरीचं दुकान असणार. बाकीच्यांच्या घरात कांदे असतात, चपला असतात, जुनी वीजबिलं असतात आणि एक मूल असतं. मग चंद्रपुरातला एखादा सज्जन बाप ऑफिस सुटल्यावर जटपुरा गेटापासून गोल बाजारापर्यंत काड्या शोधत हिंडतो. पन्नास आइस्क्रीम खाण्यापेक्षा पन्नास काड्या ऑनलाइन मागवणं स्वस्त, एवढा हिशेब त्याला जमतो. घरपोच खर्च माफ व्हावा म्हणून काड्यांसोबत आणखी तीन वस्तू येतात, आणि बिनखर्चाचा खेळ आठशेच्या घरात जातो. पार्सल येईपर्यंत मूल मागच्या दाराच्या कडीशी खेळत असतं. हळू सोडली तर वाजत नाही, आपटली तर वाजते, आणि ओल्या हाताने धरली तर निसटते. चार दिवस पुरेल एवढा अभ्यास त्या कडीत आहे, पण कडीचं नाव कुठल्याच यादीत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. लहान मुलाचा खेळ जात्याच स्वस्त असतो. त्यात मोठं माणूस शिरलं की तो महाग होऊ लागतो, आणि जितकी माणसं जास्त शिरतील तितका तो महाग होत जातो. या नियमाचा पुरावा गोळा करायला चंद्रपूर आणि गडचिरोलीइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. जी बी, जे पान, जी काडी पुण्या-मुंबईत पाकिटात घालून 'निसर्गसंच' म्हणून विकतात, ती इथे दारात पडलेली असते. आणि इथली शिकलेली माणसं ते पाकीट मागवतात.

नर्सरीच्या एका सर्वपरिचित गृहपाठापासून सुरुवात करू : 'पाच प्रकारची पानं गोळा करून वहीत चिकटवा.' गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. तिथे हा गृहपाठ पाच मिनिटांत संपायला हवा. पण गृहपाठ मुलाला असला तरी परीक्षा बापाची असते. "पानं आणली का?" असा फोन जातो. "कोणती आणू?" "चांगली आणा, मागच्या खेपेला शेजारच्यांनी क्रोटनचं आणलं होतं." साग, मोह, तेंदू, पळस, ऐन ही मंडळी कुंपणाबाहेर उभी असताना बाप रोपवाटिकेत जाऊन शोभेच्या झाडाची पानं मागतो. दरम्यान मुलाने स्वतःहून पळसाचं एक पान आणलेलं असतं. त्याला मधोमध तीन भोकं, कडेला कुरतडल्याची नक्षी, आणि मागच्या बाजूला जे काही आहे ते अजून हलतंय. "टाक ते, किडकं आहे!" पान जातं. ते कुणी खाल्लं, भोक मधूनच का, खाणारा आता कुठे गेला, हे विचारण्यासारखे तीनही प्रश्न पानाबरोबर कचऱ्यात जातात. रात्री अकरा वाजता बाप पट्टी लावून पानांखाली नावं लिहितो. सकाळी बाईंना 'व्हेरी गुड' लिहावं लागतं. वर्षभरात त्यांना बापाचं अक्षर इतकं ओळखीचं झालेलं असतं की तो बाहेरगावी गेला की वहीवरून कळतं.

पानांचं एवढं, तर बांबूचं विचारायलाच नको. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने कित्येक दशकं या जंगलांतला बांबू रिचवला. त्या कागदाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. बांबू रानातून कारखान्यात जातो, कागद होऊन कुठल्या तरी मोठ्या शहरात छापला जातो, आणि 'झाड रंगवा' असं पुस्तक होऊन कुरिअरने माघारी येऊ शकतो. मूल झाड रंगवायला बसतं आणि ते केशरी रंगवतं. "झाड केशरी असतं का रे? हिरवं कर." फाल्गुनात चंद्रपूर–मूल रस्त्यावर एकदा नजर टाकली तर दोन्ही बाजूंना पळस उभा दिसेल, अंगावर पान नाही आणि डोक्यापासून पायापर्यंत केशरी. मुलाने पाहिलं तेच काढलं. पण पुस्तकातल्या नमुन्यात झाड हिरवं आहे आणि पुस्तक विकत आणलेलं आहे, तेव्हा झाडाने ऐकलं पाहिजे. बांबूच्या बाबतीत कायद्याचीही अशीच दमछाक झाली. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं, आणि वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला त्यातून उठवायला २०१७ साल उजाडावं लागलं. मुलांना या वर्गीकरणाशी कधीच देणंघेणं नव्हतं. पोकळ कांड्यात वरून खडा टाकायचा आणि तो खालून केव्हा निघतो ते बघायचं. लांब कांड्याला जरा उशीर होतो, आडव्या धरलेल्यातून तो निघतच नाही, आणि दोन खडे एकदम टाकले की अडकतात. कडा तासून गुळगुळीत केलेली चार लांबीची चार कांडी घरी असली की भौतिकशास्त्राचा पहिला महिना पार पडतो. चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण देणारं अख्खं केंद्र आहे, त्यामुळे या दोन जिल्ह्यांत बांबू तासणारा हात सापडत नाही ही सबब चालायची नाही. तरीही 'उतरती रांग समजण्याचा लाकडी संच' लांबून येतो. तो चांगला असतो, फक्त त्यात खडा टाकता येत नाही.

स्वयंपाकघरात तर पुराव्यांची रास आहे. सुपात तूर, लाखोळी, बरबटी आणि पोपटाचे दाणे एकत्र आले की निवडण्याचा जो उद्योग सुरू होतो, त्यालाच बालशिक्षणात वर्गीकरण म्हणतात. विकतच्या संचात तो रंगीत प्लॅस्टिकच्या अस्वलांवर करायचा असतो. चार वर्षांचं पोरगं आधी रंगाने निवडतं, मग आकाराने, मग कंटाळून सगळं पुन्हा एक करतं. आई ओरडते, आजी म्हणते, "खेरू दे ना बाप्पा त्याले, मी निवडून घेतो मंग." बालशिक्षणावर याहून शहाणा शेरा मी वाचलेला नाही. पाण्याचंही तेच. एक गंज, एक तांब्या, एक उंच पेला आणि भिजली तरी चालेल अशी चड्डी, एवढं भांडवल तासभर पुरतं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी बसक्या पेल्यातलं पाणी मुलांसमोर उंच पेल्यात ओतलं आणि कशात जास्त आहे असं विचारलं. साधारण सात वर्षांखालची मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात, या निरीक्षणावर मानसशास्त्राचे ग्रंथ उभे राहिले. आपल्याकडच्या आया हे ज्ञान फार आधीपासून वापरत आल्या आहेत. दूध कमी वाटलं म्हणून रुसलेल्या पोरासमोर तेच दूध उंच पेल्यात ओतायचं आणि "घे, वाढवून दिलं" म्हणायचं. एका पोळीचे चार तुकडे करून चार पोळ्या वाढण्याची युक्ती त्याच घराण्यातली. वयाबरोबर माणूस या भ्रमातून सुटतो असं पियाजे मानत. त्यांनी हल्लीचं खेळण्यांचं दुकान पाहिलेलं नसावं. मूठभर रंगीत कणीक बारा डब्यांत विभागून ठेवली की ती जास्त आहे असं समजून पैसे मोजणारी माणसं चांगली चाळिशीची असतात.

उन्हाळ्यात तर 'घरच्या घरी' या शब्दांना इथे पर्यायच नाही. पारा ४५ च्या पुढे गेला ही चंद्रपुरात बातमी नसते. सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत मूल घरात कोंडलेलं, आणि त्याच्या जोडीला कुलर. उन्हाळी शिबिराचे तीन हजार भरण्यापूर्वी या कुलरकडे नीट पाहावं. समोर उभं राहून 'आऽऽ' केलं की आवाजाचे तुकडे पडून परत येतात. मूल जवळ जातं, लांब जातं, हात आडवा धरतं, मग त्यात स्वतःचं नाव म्हणून बघतं, मग शेजारच्या कुत्र्याचं. टाकी भरायची वेळ झाली की बटण बंद करून आणि तार काढून (विदर्भात कुलरचा शॉक ही थट्टेची गोष्ट नाही) त्याच्या हातात तांब्या द्यावा. दहा तांबे झाले की मोजणी येते, अर्धे सांडले की वजाबाकी. कुलरच्या तट्टीचं गवत ओलं झाल्यावर येणारा वास, फरशीवरच्या सांडलेल्या पाण्याने काढलेला आणि बघता बघता उडून गेलेला हत्ती, हा सगळा कार्यक्रम बिनतिकिटाचा आहे. त्याला उपक्रम न म्हणण्याचं एकच कारण दिसतं : त्याचा फोटो चांगला येत नाही.

फोटोवरून तान्ह्या पोळ्याकडे वळणं भाग आहे, कारण माझ्या नियमाचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुलांचा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा म्हणजे शिशुशिक्षणाचा एक नमुनेदार धडा आहे आणि तो कुठल्याही समितीने लिहिलेला नाही. चाकांवरचा वीतभर लाकडी बैल, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड, पुढे दोरी. पोराने तो ओढत गल्लीत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे मिळेल तो खाऊ-पैसा, गोळा करायचा. दोरी ढिली असली की बैल हलत नाही, हिसडा दिला की उलटतो, वळणावर लवकर वळलं की चाक नालीत जातं. अनोळखी काकूंच्या दारात उभं राहून तोंड उघडावं लागतं. हातात पडलेली नाणी मोठी की जास्त, हा पियाजेचा प्रश्न पुन्हा एकदा सोडवावा लागतो. गावाकडे तर लाकडाचाही खर्च नाही. तलावाकाठच्या काळ्या चिकणमातीचा बैल करतात, डोळ्यांच्या जागी लाखोळीचे दोन दाणे, आणि पडलेलं शिंग थुंकी लावून परत बसवतात. आता यात मोठी माणसं शिरू द्या. मोहल्ल्यात मंडळ होतं. मंडळ झालं की स्पर्धा आली, स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की सत्काराचे नारळ आले. 'उत्कृष्ट नंदी' आणि 'उत्कृष्ट वेशभूषा' अशी बक्षिसं लागली आणि बैल वाढायला लागला. वीतभर होता तो गुडघ्याएवढा झाला, मग बापाच्या कमरेएवढा, आणि पुढे तो टेम्पोतून येऊ लागला. त्याच्या शेजारी ऑगस्टच्या घामटात घोंगडी पांघरलेला, कापसाच्या मिशा चिकटवलेला एक साडेतीन वर्षांचा शेतकरी उभा असतो. परीक्षक वाकून विचारतात, "बेटा, तुझ्या बैलाचं नाव काय?" बाप मागून कुजबुजतो, "सर्जा. सर्जा सांग." शेतकरी म्हणतो, "मले सू लागली." त्या दिवशी त्या मैदानावर झालेलं एवढंच विधान मुलाचं स्वतःचं असतं. पहिलं बक्षीस ज्याचा मेहुणा सुतार आहे त्या बापाला मिळतं.

यावर कुणी म्हणेल, मग मोठ्यांनी काहीच करायचं नाही की काय? तसं नाही. पण काय करायचं हे ज्यांना कळलं होतं त्यांची नावं आपल्याकडे पाठ आहेत, फक्त त्यांचं ऐकलेलं दिसत नाही. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांची साधनं सुंदर, मापात घडवलेली आणि आपल्या खिशाला न परवडणारी होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने तेच शिक्षण शंख, शिंपले, बिया, खडे आणि पानं यांवर करून दाखवलं. वाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी फलकांवर आहे, त्यातलं अंगण कुठे गेलं ते फलकावर नाही. सरकारचीही इच्छा वाईट नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' निघाला. खेळणी, कोडी, चित्रं, गोष्टी असं सगळं त्यात आहे. पण खेळणं सरकारी झालं की त्याच्या मागे जडसंग्रह नोंदवही येते, आणि जडसंग्रहात नोंदलेला चेंडू उसळत नाही. तो हरवला तर उत्तर कुणी द्यायचं? अंगणवाडीच्या ताईंनी पेटी कपाटात ठेवली तर त्यांना कसं नावं ठेवणार. त्यांना पोरांची वजनं घ्यायची असतात, खिचडी बघायची असते, पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरायची असते, आणि रेंज येते ती जागा अंगणवाडीपासून लांब, चिंचेखाली असते. तेव्हा ताई चिंचेखाली जातात, पोरं मागोमाग जातात आणि चिंचोके वेचतात. त्या दिवसाचा बालशिक्षणाचा तास तिथेच पार पडतो, नोंदवहीत मात्र तो बसत नाही.

चिंचोक्याचं नाव निघालं की पहिला आक्षेप येतोच : नाकात घातला तर? घालणार. नाकाला भोक आहे आणि चिंचोका त्या मापाचा आहे, हा शोध प्रत्येक पिढीला नव्याने लागतो आणि रविवारी रात्री लागतो. म्हणून तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती बारीक बी द्यायची नाही आणि त्याहून मोठ्याला दिली तर नजरेच्या टप्प्यात बसवायचं. स्वस्ताईच्या नादात रानातलं सगळंच चांगलं समजणंही तितकंच चुकीचं. गुंज दिसायला इतकी देखणी की तिच्या माळा होतात, पण ती चावून पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडीचं आणि धोतऱ्याचं तसंच. बिब्ब्याने अंगावर फोड येतात, हे इथल्या आज्यांना कुणी सांगावं लागत नाही. आणि पोर एकटं बाहेर सोडा असं तर वाघ-बिबट्यांच्या या मुलखात कुणीच म्हणणार नाही. मातीबद्दलची भीती मात्र मला अवाजवी वाटते. "माती खाल्ली की जंत होतात," असं म्हणून चिखलाचा बैल हिसकावला जातो आणि तेच पोरगं त्याच हाताने कुरकुरे खातं. हात साबणाने धुवा. जंताची गोळी द्या, २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू आहे आणि ती अंगणवाडीत फुकट मिळते. चिखलाशी भांडण करण्याचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर चेहऱ्याने येतो. "हे ठीक आहे हो, पण शाळेत मागे पडला तर?" या 'मागे'चा पुढचा भाग कुणी पाहिलेला नाही, तरी सगळे तिकडे निघालेले असतात. चार वर्षांचं मूल शंभरपर्यंत अंक म्हणतं आणि पाच बोरं मागितली तर मूठभर आणून देतं, तरी पाहुण्यांसमोर अंकच म्हणवून घेतात, बोरं कुणी मागत नाही. गंमत अशी, की ज्या धोरणाच्या नावाने पालक घाबरतात त्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेच तीन ते आठ हा टप्पा एक धरून तिथे खेळातून शिक्षण असं म्हटलंय. म्हणजे सरकार म्हणतं खेळू द्या, आजी म्हणते खेळू द्या, आणि मधली पिढी वर्कशीट छापून घेते. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात संध्याकाळी दारात पुडकी बांधायला बसलेलं घर बघावं. सत्तर पानांचं एक पुडकं. सगळे आपापलं मोजत असतात, आणि मांडीला चिकटलेलं पोर मधेच ओरडतं, "बावीस!" मोजणाऱ्याची मोजणी चुकते, त्याला एक शिवी मिळते, आणि मोजणी पुन्हा एकपासून. काही दिवसांत त्याला सत्तरच्या आधी काय येतं ते ठाऊक असतं, आणि ओरडण्याची योग्य वेळ कोणती तेही. मोबाईलचं काय, हाही प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यापुढे तासाच्या वर बसू नये. मुलाचा मोबाईल कसा सोडवावा यावरचे व्हिडिओ बघण्यात बापाचे दोन तास जातात, त्यांची मर्यादा संघटनेने सांगितलेली नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावर आला की वर्षानुवर्षं गावाचा संपर्क तुटत आलाय. तेवढ्या दिवसांत रेंजही नसली की तिथल्या बापांना आपली मुलं काय खेळतात हे कळत असावं.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कुणी म्हणेल, जंगलातल्या पोराकडे विकतचं खेळणं नाही याचं एवढं कौतुक नको. त्याच्याकडे बी आहे, काडी आहे, पण चित्रांचं पुस्तक नाही. जे आहे ते त्याच्या घरच्या भाषेत नाही. भामरागडात माडिया, सिरोंचाला तेलुगू, मुलचेऱ्याला बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी बोलणारी घरं आहेत, आणि पोराच्या पुढ्यात येतं ते 'ए फॉर ॲपल', जे झाड या दोन्ही जिल्ह्यांत नाही. हे सगळं खरं आहे. गरिबीला खेळकर म्हणणं हा पोट भरलेल्या माणसाचा छंद आहे, आणि विनोदी लेखकांना तो लवकर जडतो. म्हणून हिशेब नीट मांडू. काड्या, बिया, माती, पाणी यांवर एक रुपयाही खर्चू नये. पुस्तकावर खर्चावा आणि ते फाटलं तर दुसरं आणावं. दिवसाला तंबाखूचे तीन खर्रे घोटणाऱ्या हाताने चित्रांच्या पुस्तकाला पैसे नाहीत असं म्हणू नये. आणि गोष्ट सांगायला तर पुस्तकही लागत नाही. माडियात सांगा, तेलुगूत सांगा, झाडीबोलीत सांगा. फक्त गोष्टीच्या शेवटी "मग यातून आपण काय शिकलो?" असं विचारू नका. पोरं त्या वाक्याची वाट बघत उठून जाण्याच्या तयारीत बसलेली असतात.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. येत्या तान्ह्या पोळ्याला तुमच्या मोहल्ल्यातलं मंडळ परीक्षक म्हणून बोलवायला आलं तर तब्येतीचं कारण सांगा. मेहुणा सुतार असला तर त्याला म्हणावं, बैल वीतभरच कर आणि चाकं जरा ढिली ठेव. त्या दिवशी दार उघडं ठेवा, हातात सुटे पैसे ठेवा. उलटलेला बैल सरळ करायला धावू नका. पोर दारात येऊन गप्प उभं राहिलं तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा. बोजारा मागायला त्याच्या तोंडून काहीतरी निघेल. मग दहा रुपये द्या, शक्यतो एकेकाच्या नाण्यांत.